घरच्या कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकायच्यात, वेबसाइट कशात बनवू: विक्स, शॉपिफाय की वर्डप्रेस?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निपाणीजवळच्या गावात वडील आणि काका कोल्हापुरी बनवतात, महिन्याला शंभर-सव्वाशे जोड होतात, त्यातले बहुतेक कोल्हापूरचे व्यापारी उचलतात, तुम्ही बीकॉम करून नोकरी करताय, ऑर्डरी बघायला बहीण तयार आहे आणि आता थेट गिऱ्हाइकाला विकायचंय. एकाने वर्डप्रेसमध्ये करून देतो म्हणून चाळीस हजार सांगितलेत, मित्र म्हणतो विक्समध्ये एका रात्रीत होतंय, यूट्यूबवर सगळे शॉपिफाय शॉपिफाय करतायत. आणि शेवटी तुम्ही हेपण विचारलंय की पुढेमागे वेबसाइट बनवायचाच धंदा केला तर काय शिकू, वेबफ्लो नावाचं साइट बांधायचं टूल चांगलं का.

मी बेळगावात चौदा वर्षं हेच काम करतोय. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, शहापूर-वडगावचे साडीवाले, मिठाईवाले, क्लासेस, एक-दोन मंगल कार्यालयं अशी गिऱ्हाइकं. तुमच्यासारखा घरचा माल घेऊन येणारा दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी असतोच, आणि प्रत्येकजण पहिल्यांदा हेच विचारतो की सगळ्यात चांगलं कुठलं. मी त्याला उलट विचारतो की दिवाळीनंतर चामड्याचा भाव वाढला आणि सगळ्या जोडांची किंमत बदलायची झाली तर ते रात्री नऊ वाजता कोण बसून करणार? आणि दोन वर्षांनी ही जागा सोडायची वेळ आली तर तिथून काय काय उचलून नेता येणार? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की सॉफ्टवेअर आपोआप ठरतंय बघा. डिझाइन छान दिसणं वगैरे आता सगळ्यांतच होतं, त्यावर वेळ घालवू नका.

आधी विक्स. २००६ पासून आहे, इस्रायलची कंपनी. सगळं त्यांच्याकडेच असतं, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा त्यांची, अपडेट ते बघतात, बिघडलं तर त्यांचं डोकं. माउसने उचलायचं आणि ठेवायचं, म्हणून मित्र एका रात्रीत होतंय म्हणतो ते खोटं नाही. एका पानाची ओळख, फोटो, फोन नंबर, नकाशा एवढंच पाहिजे असेल तर मी स्वतः लोकांना विक्स सांगतो. खरं दोन गोष्टी आधी माहीत पाहिजेत. एकदा टेम्पलेट, म्हणजे तयार आराखडा, घेऊन साइट बांधली की नंतर दुसरं टेम्पलेट चढवता येत नाही, नवीन साइट सुरू करावी लागते. आणि तयार साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. मालाची यादी फाइलमध्ये काढता येते, बाकीची पानं परत बांधायची. फुकटच्या प्लॅनवर त्यांची जाहिरात आणि त्यांच्याच नावाचा लांबलचक पत्ता असतो, तो पत्ता चपलेच्या बॉक्सवर छापण्यासारखा नाही. स्क्वेअरस्पेसचं साधारण हेच, दिसायला जास्त नीटनेटकं, पण फुकटचा प्लॅनच नाही, नुसती चौदा दिवसांची ट्रायल. आपल्याकडच्या छोट्या दुकानाला ते घ्यायचं कारण मला तरी अजून सापडलेलं नाही.

फुकटवर एक सांगतो. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून पूर्वी एक छोटी फुकट वेबसाइट बनायची, पुष्कळ दुकानदारांची तीच होती. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या बंद केल्या, जून २०२४ पर्यंत त्या पत्त्यावर आलेला माणूस प्रोफाइलकडे वळवला जायचा, नंतर तेही संपलं. प्रोफाइल अजून फुकट आहे आणि ती तुम्ही आजच काढा, नकाशावर दिसणं महत्त्वाचं आहे. सांगायचा मुद्दा इतकाच की दुसऱ्याच्या गाळ्यात बसलो की मालक कधी शटर ओढेल ते आपल्या हातात नसतं. भाड्याने राहूच नका असं मी म्हणत नाही, फक्त बोर्ड आपला पाहिजे. बोर्ड म्हणजे डोमेन, साइटचा स्वतःचा पत्ता.

आणि डोमेनच्या बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही. माझ्याकडे एक मिठाईवाले आले होते, कुंद्याच्या प्रत्येक डब्यावर वेबसाइटचा पत्ता छापलेला, आणि तो पत्ता उघडला की कोरं पान. डोमेन आधीच्या बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं, तो गाव सोडून गेलेला, फोन लागत नाही, रिन्यूची मेल त्याच्याकडे जाऊन पडलेल्या. डॉट कॉम संपल्यावर रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, थोडे दिवस थांबतो, मग रिडेम्प्शनचे तीस दिवस असतात त्यात जादा पैसे भरून सोडवता येतं, पण ते ज्याच्या खात्यात आहे त्यालाच. आम्ही नुसते बघत बसलो. ते नाव गेलं, नवीन घेतलं, आणि चार हजार डब्यांवर स्टिकर चिकटवायला त्यांची दोन पोरं आठवडाभर बसली होती. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, डोमेन वडिलांच्या किंवा तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर, आणि जमलं तर वेगळ्या रजिस्ट्रारकडे. वर्षाला हजाराच्या आसपास जातात. ते रिन्यू करायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, गॅस सिलिंडरची लिहितात तशी.

आता वर्डप्रेस. इथे गोंधळ असा की वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉम ही कंपनीची सेवा, विक्ससारखीच भाड्याची जागा. डॉट ऑर्गवरून मिळतं ते सॉफ्टवेअर, फुकट आणि मुक्त, २००३ पासून चालू आहे, ते आपण आपल्या होस्टिंगवर चढवायचं. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट यावर आहेत. तुम्हाला चाळीस हजार सांगणारा या दुसऱ्याबद्दल बोलतोय. दुकानासाठी त्यावर वूकॉमर्स बसवतात, तेही फुकट. जमेची बाजू मोठी आहे, फाइलींचा एक फोल्डर आणि एक डेटाबेस, एवढं उचललं की कुठल्याही होस्टिंगवर जाता येतं, मी एका रविवारी तीन साइट हलवल्यात. पण अपडेट, बॅकअप, सुरक्षा हे सगळं आपल्या अंगावर. एका क्लासची साइट दीड वर्ष कुणी हात लावला नव्हता. सर माझ्याकडे आले, फोन पुढे धरला, वर क्लासचं नाव, दहावीच्या पोरांचे निकालाचे फोटो आणि खाली जुगाराच्या जाहिराती. पालकाने स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा सरांना कळलं. एक जुनं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, अपडेट केलेलं नव्हतं, तिथून कुणीतरी आत शिरलं होतं. साफ करायला मला दोन दिवस लागले, आणि बॅकअप असता तर दोन तास लागले असते.

त्यामुळे वर्डप्रेस चांगलं का वाईट हे तुमच्या घरात आठवड्याला एक तास काढून अपडेट आणि बॅकअप बघणारं कोणी आहे का यावर आहे. आणि स्वस्तात मिळते म्हणून नल्ड थीम, म्हणजे पैसे न भरता फोडलेली थीम, चुकूनही बसवू नका, घाण बहुतेक तिथूनच येते.

शॉपिफाय हे फक्त दुकानासाठी बनलेलं आहे. कॅनडात राहणाऱ्या एका माणसाला स्वतःचे स्नोबोर्ड ऑनलाइन विकायचे होते, मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्याने स्वतः लिहिलं, त्यातून २००६ मध्ये हे उभं राहिलं. ते वापरताना जाणवतं, ऑर्डर, नंबर, स्टॉक, कुरियरची चिठ्ठी सगळं जिथे पाहिजे तिथे आहे आणि मोबाइलचं अॅप चांगलं आहे. तुमची बहीण फोनवरून ऑर्डर बघणार असं तुम्ही लिहिलंय, माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे. ऑर्डर आली, पत्ता बघितला, पॅक झालं म्हणून टिक केलं, कुरियरचा नंबर टाकला, हे तिला स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर उभं राहून करता आलं पाहिजे. वूकॉमर्सलाही अॅप आहे, पण खालचं वर्डप्रेस धडधाकट असेल तर ते चालतं.

खर्चाचा हिशोब मात्र डोळे उघडे ठेवून करा. महिन्याचं भाडं आहेच. शिवाय शॉपिफायची स्वतःची पेमेंटची सोय भारतात नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाकडून ऑनलाइन पैसे घेणारं रेझरपेसारखं गेटवे जोडावं लागतं आणि बेसिक प्लॅनवर शॉपिफाय त्या प्रत्येक व्यवहारावर वरून २ टक्के घेतं. पंधराशेचा जोड विकला तर गेटवेचे साधारण २ टक्के म्हणजे ३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५ रुपये ४० पैसे, आणि शॉपिफायचे ३० वेगळे. महिन्याला वीस जोड गेले तर शॉपिफायला सहाशे, अधिक भाडं. वूकॉमर्सवर हे सहाशे वाचतात, होस्टिंगचे तेवढे द्यायचे. वीस जोडांना हा फरक मी सोसेन, कारण त्या बदल्यात रात्रीची झोप लागते. पुढे माल वाढला आणि महिन्याला दोनशे जोड जायला लागले की परत हिशोब मांडा, तेव्हा वूकॉमर्स आणि एक माणूस ठेवणं परवडेल, आणि शॉपिफायमधून सगळा माल, गिऱ्हाइकांची यादी, ऑर्डरी सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येतात, तीच मालाची फाइल वूकॉमर्स आत घेतं. पानांची सजावट नेता येत नाही, फोटो आणि पत्ते नेता येतात. मला तेवढं पुरतं.

तर तुमच्या घरासाठी मी एक वर्ष शॉपिफाय म्हणेन, सगळा माल न चढवता सहा-आठ डिझाइन घेऊन. तुम्ही लिहिलंय की व्यापारी येऊन खुंटीवरचे जोड अचानक उचलून नेतात. मग साइटवर आठ नंबर तीन शिल्लक दिसतात आणि घरात एकही नसतो, पुण्याच्या गिऱ्हाइकाने पैसे भरलेले असतात. यावर दोन उपाय. एक तर ऑनलाइनचे जोड वेगळ्या पेटीत, त्याला व्यापाऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. नाहीतर सरळ "ऑर्डरनंतर दहा दिवसांत बनवून पाठवतो" असं लिहायचं आणि सेटिंगमध्ये स्टॉक शून्य झाला तरी विक्री चालू ठेवायची. दुसरा मला जास्त आवडतो, हाताने बनवलेल्या वस्तूला लोक थांबतात, फक्त दिलेले दहा दिवस पाळा.

आपल्या सीमाभागाचं एक वेगळं दुखणं आहे जे पुण्या-मुंबईचे व्हिडिओवाले सांगत नाहीत. निपाणीहून कोल्हापूर तासाभराच्या रस्त्यावर, पण ते दुसरं राज्य, म्हणजे जीएसटीत असाल तर बिल आयजीएसटीचं, राज्याबाहेरच्या विक्रीचं. बंगळूर लांब, पण आपल्याच राज्यात, म्हणून तिथे सीजीएसटी-एसजीएसटी. सॉफ्टवेअरमध्ये दुकानाचं राज्य कर्नाटक आणि कराचे दर नीट टाकले की शॉपिफाय आणि वूकॉमर्स दोन्हीत हे बरोबर बसतं, वूकॉमर्समध्ये राज्यांचे दर स्वतः भरावे लागतात. चूक गिऱ्हाइकाकडून होते, मराठी नाव, मराठी गाव म्हणून लोक बेळगाव लिहून राज्य महाराष्ट्र निवडतात. बहिणीला सांगून ठेवा, राज्य बघू नकोस, पिन बघ. ५९० आणि ५९१ ने सुरू झाला की आपला जिल्हा, ४१६ आलं की कोल्हापूर-सांगलीकडचं. आणि तुमची नोंदणी लागते का नाही हे मला विचारू नका, सीए ला विचारा, ऑनलाइन विक्रीचे नियम वेगळे असतात.

भाषेचंही तसंच. तुमचं गिऱ्हाईक कोल्हापूर-पुण्याचं मराठी, हुबळी-धारवाडचं कन्नड आणि बंगळूर-मुंबईचं इंग्रजी वाचणारं. मी म्हणेन सुरुवात इंग्रजी आणि मराठीने करा आणि कन्नड तीन महिन्यांत आणा, पण मशीनने भाषांतर करून टाकू नका, शेजारच्या कन्नड मास्तरांकडून वाचून घ्या. शॉपिफायमध्ये भाषांतराचं त्यांचं अॅप फुकट मिळतं. वर्डप्रेसमध्ये पॉलीलँगची फुकट आवृत्ती साध्या पानांना पुरते, वूकॉमर्सच्या मालाला त्यांचं पैशाचं अॅडऑन लागतं, कोटेशन घेताना हे बहुतेकांकडून सुटतं.

देवनागरी दिसते कशी हे मात्र स्वतः बघा. ही टेम्पलेटं इंग्रजी अक्षरं धरून बनवलेली असतात. इंग्रजी हेडिंग ऐटदार दिसावं म्हणून अक्षरांत जागा सोडलेली असते, लेटर स्पेसिंग म्हणतात. तिथे "कोल्हापुरी" लिहा, शिरोरेषा तुटते, को, ल्हा, पु, री असे चार तुकडे लटकल्यासारखे दिसतात. लेटर स्पेसिंग शून्य करा, जोडली जाते. दुसरं म्हणजे ओळींची उंची, ती कमी असली की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, दीडपट ठेवा. तिसरं, साइटची भाषा मराठी म्हणून सेट करा, फॉन्ट चांगला असेल तर "ल" आणि "श" आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. मुक्ता नाहीतर नोटो घ्या. आणि प्रेसवाल्याकडून जुन्या पॅम्प्लेटचा मजकूर आणून पेस्ट करू नका, तो जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो, साइटवर नुसता अक्षरांचा कचरा पडतो. युनिकोडमध्ये परत टाइप करायचा, दुसरा मार्ग शोधत बसू नका.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आले, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे निपाणीची चप्पल कोल्हापुरीच, हे तुमच्या पहिल्याच पानावर अभिमानाने लिहा. फक्त जीआयचा लोगो लावायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या.

आता शिकण्याचं. तुम्ही एका वाक्यात विचारलंय पण तो खरं म्हणजे वेगळा प्रश्न आहे. नवशिक्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जबाबदारी कंपनीची असते, प्रोफेशनलच्या सॉफ्टवेअरमध्ये ती तुमची, आणि त्या जबाबदारीचेच तुम्हाला पैसे मिळतात. उद्यमबागेतला फाउंड्रीवाला ऑनलाइन काही विकत नाही, त्याला मशीनची यादी, कास्टिंगचे ग्रेड, सर्टिफिकेट आणि चौकशीचा फॉर्म एवढंच पाहिजे असतं, पण पुण्याचा खरेदीवाला साइट उघडेल त्या दिवशी ती उघडलीच पाहिजे. मी त्यांना वर्डप्रेस करून देतो आणि वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, घेतो, कारखान्यात एएमसी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

वेबफ्लो चांगलं आहे आणि मला आवडतं, कारण त्याची पॅनेल म्हणजे सीएसएसच आहे, पान कसं दिसावं ते सांगणारी भाषा, फ्लेक्स, ग्रिड, मार्जिन त्याच नावांनी. एचटीएमएल (पानाचा सांगाडा लिहायची भाषा) आणि सीएसएस येत असेल तर हात भरभर चालतो, येत नसेल तर पहिल्या दिवशीच अडकाल. कोड बाहेर काढता येतो, पण पैशाच्या प्लॅनवर, आणि त्यांच्या सीएमएसमधला, म्हणजे मजकूर साठवायच्या सोयीतला, मजकूर व फॉर्म बाहेर चालत नाहीत. वरून बेळगाव-निपाणीच्या गिऱ्हाइकाला त्याचं भाडं दर वर्षी भरायला लावणं अवघड. म्हणून क्रम असा धरा, दोन-तीन महिने एचटीएमएल आणि सीएसएस हाताने लिहा, मग स्वतःच्या कॉम्प्युटरवर झॅम्प, म्हणजे घरच्या घरी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून लोकल वर्डप्रेस चालवा, मोडा, परत चढवा, डेटाबेस कुठे असतो ते बघा. स्थानिक काम वर्डप्रेसवरच मिळतं. बाहेरच्या देशातली कामं घ्यायची वेळ आली की वेबफ्लो. एआयने साइट बनवणारी टूलंही वापरून बघा, पहिला आराखडा चटकन देतात, पण कापशी आणि पुकरी या कोल्हापुरीच्या दोन प्रकारांतला फरक त्यांना तुमच्या काकांइतका कळत नाही, मजकूर स्वतः लिहा.

त्या चाळीस हजारांचं. आकडा जास्त का कमी हे त्यात काय आहे त्यावर. त्यांना विचारा डोमेन आणि होस्टिंग कुणाच्या नावावर, अॅडमिनचा पासवर्ड पहिल्या दिवसापासून आम्हाला मिळणार का, थीम विकत घेतलेली आहे का, बॅकअप कुठे जातो, माल कोण चढवणार आणि किती, बहिणीला दोन दिवस बसून शिकवणार का, दुसऱ्या वर्षापासून किती. यातल्या पहिल्या दोन प्रश्नांना "ते आम्ही बघतो" असं उत्तर आलं तर पैसे देऊ नका. सगळ्याला नीट उत्तर आलं आणि तो एएमसी घ्यायला तयार असेल तर चाळीस हजार मला अवाजवी वाटत नाहीत, मग माझा शॉपिफायचा सल्ला बाजूला ठेवलात तरी चालेल.

काहीही ठरवा, ठरेपर्यंत दोन कामं करून ठेवा, ती कशातही लागणार. एक म्हणजे बॉक्स. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात आणि खरं वजन कमी असलं तरी त्या आकड्याचे पैसे घेतात. ३० बाय २० बाय १० चा बॉक्स म्हणजे १.२ किलो, दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने असतो म्हणून दीड किलोचे पैसे. तोच ८ उंचीचा केला तर ०.९६, एक किलोत बसला. तळवे समोरासमोर ठेवून जोड बसतोय का बघा. दुसरं म्हणजे माप. परत येणाऱ्या जोडांत सगळ्यात जास्त नंबर चुकल्यामुळे येतात. काकांच्या सहा ते अकरा प्रत्येक नंबरचा तळवा टाच ते टोक मोजा, कागदावर पाय ठेवून पेन्सिलने रेघ मारायची कशी याचा एक फोटो काढा, आणि खाली लिहा की नवीन जोड अंगठ्यात आणि पट्ट्यात घट्ट लागेल, आठ-दहा दिवसांनी चामडं पायाला बसतं, त्यामुळे एक नंबर मोठा मागवू नका. फोटो सकाळच्या उजेडात दारात घ्या, फ्लॅश बंद, एक वरून, एक बाजूने, आणि एक वेणीचा अगदी जवळून, टाके दिसतील असा.